बुटकी चौकट

शुक्रवार, १६ डिसेंबर १९९४

आज मार्गळी महिना लागला. पहाटे सडा-रांगोळीला म्हणून उठले, रांगोळीचा डबा घेऊन पुढे आले आणि डबा हातातून सुटलाच. पुढचं दार उघडं. सताड नाही, माणूस तिरका होऊन जाईल एवढं. रात्री मी स्वतः कुलूप लावून किल्ली देवापुढे ठेवली होती. किल्ली देवापुढेच होती.

मामंजी दाराजवळच्या बाकावर झोपतात, आधी त्यांच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता. मग देवघर पाहिलं, कपाट पाहिलं, ह्यांची सायकल पाहिली. सगळं जागच्या जागी. चोर येऊन काही न नेता गेला म्हणजे नुसतं घर पाहून गेला. म्हणजे परत येणार.

ह्यांना उठवलं. हे म्हणाले, "कुलूप लावायला तूच विसरली असशील." आणि कूस बदलली. एकोणीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाचं माझ्या प्रत्येक भीतीला हेच उत्तर आहे. म्हणून तर मी लिहिते. माझ्या वडिलांनी हट्टानं देवनागरी शिकवली, ती ह्यांना वाचता येत नाही, हे इथल्या तमिळ मुलखात शिकलेले, तमिळ-इंग्लिशवाले. मामंजींना येते, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा इथं मी हवं ते लिहू शकते.

शनिवार, १७ डिसेंबर

दिवसाउजेडी दार नीट पाहिलं. अडसराची खाच वाळवीनं खाल्ली आहे, खालची फळी ओल्या पापडासारखी झाली आहे. सगळा भार त्या दारातच बसवलेल्या, आतून-बाहेरून किल्ली लागणाऱ्या जुन्या लोखंडी कुलपावर. कुलपाला ओरखडा नाही, म्हणजे ते किल्लीनं उघडलं.

ह्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. दुसरी धाकट्या भावजींकडे असायची, हरिप्रसादांकडे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्टेलाशी लग्न केलं, ती सरकारी दवाखान्यात नर्स. तेव्हा हे ह्याच दारात उभे राहून म्हणाले होते, "अप्पा गेले की कळवीन, तेव्हा ये." त्यानंतर भावजींचं नाव ह्या घरात कुणी काढत नाही. तिरुवैयारूच्या बाजूला कुठल्याशा दूध सोसायटीत आहेत, एवढं ऐकून आहे.

मामंजींना विचारलं, "ती दुसरी किल्ली कुठं गेली?"

"कावेरीत पडली," ते म्हणाले. "तेव्हाच. कसाला विचारतीस?"

कावेरीत पडलेली किल्ली कुणाला सापडली असेल? वाळू काढणारे काय कमी आहेत? रात्रभर तोच विचार.

मंगळवार, २० डिसेंबर

शेजारच्या हिराबाईंना सांगितलं आणि चूक केली. त्या म्हणाल्या, "नववर्षाला जागतिक तमिळ परिषद आहे की नाही, गावात कुठकुठचे लोक उतरलेत. रस्त्याला डांबर, भिंतींना रंग, आणि ह्या गर्दीत चोर नाही आले तरच नवल. ओरत्तनाडुला एका म्हाताऱ्याच्या तोंडात कापड कोंबून कानातल्या कुड्या नेल्या म्हणे."

मामंजींच्या कानांत कुड्या आहेत. मी घरी येऊन म्हटलं, काढून ठेवू या. ते हसायला लागले. अलीकडे त्यांना हसू फार येतं. डोळ्यांना नीट दिसत नाही, हात दिल्याशिवाय बाकावरून उठता येत नाही, आणि परवापासून मात्र स्वारी खुशीत आहे. मी इथं भीतीनं अर्धी झाले आणि हे सुरात गुणगुणतात.

बुधवार, २८ डिसेंबर

पुन्हा. पहाटे दार नुसतं लोटलेलं, कुलूप उघडं. ह्यावेळी ह्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. ह्यांचा चेहरा उतरला. दारापाशी बराच वेळ उभे होते. कुलपाच्या भोकावरून बोट फिरवलं, मामंजींच्या बाकाकडे पाहिलं, मग म्हणाले, "नवीन दार बसवायचं. नवीन कुलूप. बस्स."

मी मनात देवाला नमस्कार केला. पण मामंजी बाकावरून म्हणाले, "मार्गळीत घराला हात लावीत नाहीत. पुढचा महिना, तै लागू दे."

"अप्पा, चोर मार्गळी बघून थांबतो काय?"

"दार म्हणजे काय चटई आहे, आज गुंडाळली उद्या पसरली? तै लागू दे."

बापापुढे ह्यांचं काही चालत नाही. म्हणजे अजून अर्धा महिना मी ह्या वाळवीच्या भरवशावर झोपायचं.

आणखी एक. मामंजींची साखर वाढली. डॉक्टर माझ्यावर डाफरले, काय खायला घालता म्हणून. मी त्यांना गोडाचा कणही देत नाही. आज अंथरूण झटकताना उशीखालून तुपकट कागद निघाला, मुंग्या लागलेला. मुगाच्या अशोक हलव्यासारखा वास. हिराबाईंचा नातू आणून देत असणार. बघतेच त्याच्याकडे.

मंगळवार, ३ जानेवारी १९९५

परिषदेच्या मिरवणुकीला सगळी गल्ली गेली. मी गेले नाही. मामंजींना एकटं ठेवून कशी जाऊ? दुपारभर दाराला पाठ लावून भाजी निवडत बसले. बाहेर पाऊल वाजलं की हातातली सुरी घट्ट धरायची. एकदा तर पोस्टमनवरच उगारली. बिचारा पत्र ओट्यावर टाकून पळाला.

भावजी घरात असते तर एवढी भीती वाटली नसती, हे खरं. सहा फुटांचा माणूस. आमची चौकट बुटकी आहे, इथल्या मराठी राजांच्या काळची, रुंदीला ऐसपैस आणि उंचीला एवढीशी. परका माणूस हमखास कपाळ आपटून घेतो. लग्न होऊन आले तेव्हा मीही आपटलं होतं, आणि सासूबाई हसल्या होत्या, की झाली घरची. भावजींनी लहानपणी आपटून आपटून कपाळावर खूणच करून घेतली, आणि मग झोपेतसुद्धा वाकायला शिकले.

शनिवार, ७ जानेवारी

काल रात्री मी डोकं चालवलं. चौकटीच्या वरच्या लाकडापासून दोरी सोडून तिला पितळी लोटे टांगले, कपाळाच्या उंचीवर. घरचा माणूस वाकतो, त्याला लागणार नाहीत. चोर वाकणार नाही. लोटे वाजतील, आम्ही उठू.

पहाटे दार लोटलेलं, कुलूप उघडं, आणि लोटे जसेच्या तसे. एकही हललेला नाही. दोन लोट्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं तेसुद्धा शाबूत.

कुलूप उघडतं, काही नेत नाही, आणि हवेसारखं आत येतं. हे काही माणसाचं काम नव्हे. हिराबाई म्हणाल्या, "मार्गळीत स्वर्गाचं दार उघडं असतं ग. तुझी सासू येत असेल, म्हाताऱ्याला बघायला." त्या सहज बोलल्या. मी तेव्हापासून सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलेलं नाही. त्यांच्या मागं त्यांची लोणच्याची बरणी मी फोडली, ते त्यांना कळलं असेल का?

रविवार, ८ जानेवारी

हे म्हणाले, मापं घेणं म्हणजे काम सुरू करणं नव्हे. दुपारी झोपून उठले तेव्हा राहुकाळ लागायला आला होता. राहुकाळात दाराचं माप घ्यायचं नाही, म्हणून धावपळ करून टेप लावला, डाव्या बाजूनं उंची, वर रुंदी, झालं. नव्या बस स्टँडजवळ तयार दारांचं दुकान निघालं आहे. हल्ली सगळं तयार मिळतं. कुलूपही नव्या तऱ्हेचं घेणार, ओढलं की आपोआप लागणारं. वरती बोल्ट वेगळा.

मामंजी म्हणाले, "तयार दार तयार घराला."

गुरुवार, १२ जानेवारी

वैकुंठ एकादशी. देवळातल्या, वर्षातून ह्या एकाच दिवशी उघडणाऱ्या स्वर्गदारातून सगळ्यांबरोबर मीही गेले. लोक पुण्य मागत होते. मी हात जोडून म्हटलं, सासूबाई, तुमचं तिकडचं दार बंद करून घ्या आता.

बुधवार, १८ जानेवारी

तै लागली. दार आलं, आणि त्यागराज आसारीही आला. हा सुतार म्हणजे एक प्रकरण आहे. परिषदेची कमान त्यानं उभारली म्हणे, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. दार चौकटीला टेकवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

चौकटीची डावी बाजू उंच आणि उजवी चार बोटं खचलेली. ह्यांनी मोजली ती फक्त डावी. राहुकाळ चुकवायला गेले आणि अर्धी चौकट चुकवून बसले. शिवाय दार त्या डाव्या बाजूलाही उंच, आणि रुंदीला अपुरं.

"सार, सोपं आहे," आसारी म्हणाला. "वरचं लाकूड कापून काढू. चौकट उंच करू. दार राजासारखं उभं राहील, आणि कुणाला वाकायला नको."

"चौकटीला करवत लागली तर मी जेवणार नाही," बाकावरून आवाज आला.

"अप्पा, हल्ली कोण वाकून घरात येतं?"

"ज्याचं घर आहे तो येतो."

हे टेप गुंडाळायला लागले. शेवटी ठरलं की दारच कापायचं, खचलेल्या बाजूच्या मापानं. डावीकडे वर फट राहील तिथं चौकटीलाच पट्टी ठोकायची, आणि रुंदीला बाजूनं फळी. आसारी कुरकुरत मापाची काठी ठेवून जेवायला गेला. परत आला तर काठी गायब. खुणा केलेली काठी गेली म्हणजे सगळं पुन्हा मोजणं आलं. तो चिडून निघून गेला. संध्याकाळी काठी मामंजींच्या अंथरुणाखाली सापडली. म्हणाले, "पाठ खाजवायला घेतली होती." वय झालं, दुसरं काय.

सोमवार, २३ जानेवारी

आजचा दिवस मामंजींनी चंद्र आठवा म्हणून मोडला, परवाचा अमक्याची पुण्यतिथी म्हणून. हे शेवटी ओरडले, "अप्पा, तुम्हाला दार नकोच आहे का?" मामंजी गप्प. हेही गप्प. मला त्या दोघांच्या ओरडण्यापेक्षा गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते.

गुरुवार, २६ जानेवारी

जुनं दार उतरवलं. उतरवताच दोन तुकडे झाले. नवं बसेपर्यंत एक रात्र घर तसंच उघडं राहणार. आसारीला म्हटलं, आजच बसव. तो म्हणाला, "अम्मा, बिजागऱ्यांची जागा भरून सुकायला हवी. मी काय जादूगार आहे?"

मामंजींनी हट्ट धरला की त्यांचं अंथरूण उंबऱ्याला आडवं घालायचं. घराला दार नसलं की घरातल्या कुणीतरी दार व्हायचं असतं. त्यांच्या आजोबांनी केलं, ते करणार. थंडी आहे, छाती भरेल, कानांत कुड्या आहेत, मी रडकुंडीला आले. हे म्हणाले, "घाल. एक रात्र आहे." हे काठी घेऊन आतल्या खोलीच्या दारात बसले, आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

शुक्रवार, २७ जानेवारी

रात्रभर डोळा लागला नाही म्हणावं, तर पहाटे नेमका लागला. दचकून उठले आणि पुढे धावले. मामंजी उंबऱ्याशी गाढ झोपलेले, तोंडावर समाधान, अंगावर जाड तपकिरी कांबळं. असलं कांबळं आमच्या घरात नाही. त्याला दुधाचा वास येत होता. पायांची नखं कापलेली. कुणी कापली? गल्लीच्या तोंडाशी दुधाची व्हॅन उभी होती, ती तेवढ्यात सुरू होऊन गेली.

कांबळं हिराबाईंनी टाकलं असेल. विचारलं तर नाही म्हणाल्या. मग मी पुढं कुणालाच विचारलं नाही. विचारायचीच भीती वाटायला लागली आहे. नखं कापणारं भूत मी ऐकलेलं नाही.

दुपारी दार बसलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दार सुरेख दिसतं, पण डावीकडची पट्टी मेली नेमकी दोन बोटं खाली आली आहे. आम्ही सगळे सवयीनं डाव्या बाजूनं वाकतो, सवयीएवढंच. ह्यांनी आपटलं, मी आपटलं, आसारीनंही स्वतःच ठोकलेल्या पट्टीवर टाळकं आपटलं, तेव्हा जरा बरं वाटलं. नव्या कुलपाची एक किल्ली ह्यांनी जानव्याला बांधली, एक मला दिली. वरचा बोल्ट ह्यांनी स्वतःच्या हातानं सारला.

आज मी निवांत झोपणार.

शनिवार, २८ जानेवारी

खरंच झोपले. पहाटे बोल्ट काढून रांगोळीला बाहेर आले. उंबऱ्याबाहेर पायरीवर पुडा होता, केळीच्या पानात बांधलेला अशोक हलवा. त्यावर जुनी लोखंडी किल्ली. कावेरीत पडलेली, भावजींची.

मी पायरीवरच बसले. लोटे का हलले नाहीत ते तेव्हा कळलं. तो वाकला होता. ज्याचं घर, तो वाकून आला होता. आणि मी दीड महिना चोर, भूत, सासूबाई, कुणाकुणाला घाबरले, आणि सगळं गाव पालथं घालून त्या माणसाला बाहेर ठेवणारं दार आणून बसवलं.

किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. हलवा मामंजींच्या हातात ठेवला. त्यांनी वास घेतला, नव्या दाराकडे तोंड केलं आणि पुडा तसाच परत दिला. "साखर वाढते," म्हणाले.

गुरुवार, २ फेब्रुवारी

डॉक्टर खूश आहेत, साखर उतरली. मामंजी जेवत नाहीत. ताटाला नमस्कार करून दोन घास खातात आणि दाराकडे तोंड करून बसतात. दिसत तर नाही काही. गुणगुणणं बंद. आज म्हणाले, "मंगळा, मला आत मागच्या खोलीत झोपव. पुढे काय आहे आता."

मला रडू आलं आणि ह्यांचा रागही आला. अप्पा गेले की कळवीन, असं म्हणाले होते. आता कळवायची वेळ ते लवकरच आणणार. पण ह्यांच्यासमोर भावजींचं नाव काढायचं म्हटलं की मी भाजीचा भाव सांगून उठते. चोराला मी एवढी घाबरत नव्हते.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज मी केलं. पहाटे रांगोळी अर्धी टाकून, पदरात माझी किल्ली बांधून गल्लीच्या तोंडाशी गेले. दुधाची व्हॅन उभी होती. भावजी उतरले. दाढी पिकली आहे. कपाळावर ती खूण.

"वैनी," म्हणाले, आणि व्हॅनचं दार लोटून घेतलं.

"अप्पा जेवतात ना?"

"तुम्ही आलात की जेवतील." मी किल्ली हातावर ठेवली. ती निसटून खाली पडली. त्यांनी उचलली.

"अण्णाला ठाऊक आहे?"

"नाही. वरचा बोल्ट मी काढून ठेवीन. तुमचं तुम्ही बघा."

घरी येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. ह्यांना सांगितलं, देवळातल्या गर्दीत माझी किल्ली पडली. वाटलं, आता कुलूपच बदलतील. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जानवं चाचपलं आणि म्हणाले, "कुलूप बदलायचं म्हणजे दाराला पुन्हा भोक पाडायला लागेल. राहू दे. एवढं काय घाबरतीस?"

मामंजींचं अंथरूण पुन्हा पुढे बाकावर घातलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. फक्त माझा हात चाचपून धरला.

रविवार, ५ फेब्रुवारी

सकाळी लिहिते आहे.

रात्री हे बोल्ट सारून आले. ते झोपल्यावर मी उठून, श्वास धरून, तो काढला. मग पडून राहिले. पूर्वी दार उघडेल म्हणून भीत होते. आता दार उघडेल आणि हे जागे होतील म्हणून भीत होते. आणि पहाटे, कुलूप फिरल्याचा बारीक आवाज आल्याबरोबर मला आठवलं, भावजींना पट्टीचं सांगायचं राहिलं.

ठक्कन आवाज झाला. सगळं घर हललं असं मला वाटलं. पाठोपाठ "अय्यो" असं दाबलेलं, आणि मग मामंजींचं हसू. आवरता न येणारं, लहान पोरासारखं.

हे जागे झाले. ते मला न बघताच कळलं, घोरणं थांबलं होतं. हे उठून बसले. मी डोळे मिटूनच म्हटलं, "मांजर असेल."

पुढून मामंजींचा आवाज येत होता, हळू, सारखा, इतक्या दिवसांचं बोलणं. मी वाट पाहत होते, हे आता पाय खाली टाकतील.

"मांजर एवढं उंच नसतं," हे म्हणाले. आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.